सॉफ्टवेअर बदलण्याआधीची तुलना : तक्ता काय सांगतो आणि काय सांगत नाही

पेट निघाली, आता विषय सुचवा, असं विचारणाऱ्या मित्रांकडून एक विषय हमखास येतो : ‘आयटी सर्व्हिस मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचा तुलनात्मक अभ्यास’. कधी तो कॉम्प्युटर सायन्सवाल्यांकडून येतो, कधी मॅनेजमेंटवाल्यांकडून. सोबत एक तक्ता जोडलेला असतो. डावीकडे सुविधांची यादी, वर पाच-सहा सॉफ्टवेअरची नावं, आत बरोबर-चूकच्या खुणा आणि शेवटच्या ओळीत निष्कर्ष : अमुक सॉफ्टवेअर सर्वोत्तम.

विषय वाईट नाही. महाविद्यालयं, बँका, रुग्णालयं, सरकारी कार्यालयं, सगळीकडे अशी सॉफ्टवेअर घेतली जातात आणि काही वर्षांनी बदललीही जातात. त्यात पैसा जातो, माणसांचे महिने जातात. माझी तक्रार त्या तक्त्याबद्दल आहे. जाहिरातीत तोच असतो, खरेदी समितीच्या फाइलीत तोच असतो आणि आपल्या संशोधन आराखड्यातही तोच येऊन बसतो. ज्याची अडचण आहे त्या माणसाचं काम झालं का, हे मात्र त्या तक्त्यात कुठंच मोजलेलं नसतं.

हे सॉफ्टवेअर करतं काय?

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संस्थेतला संगणक बंद पडला, पासवर्ड विसरला, फॉर्म सबमिट होत नाही, नवीन लॉगिन पाहिजे, अशा सगळ्या गोष्टी एका ठिकाणी नोंदवायच्या, प्रत्येक नोंदीला नंबर द्यायचा, ती कोणाकडे आहे आणि किती वेळात सुटली पाहिजे हे ठरवायचं. या नोंदीला ‘तिकीट’ म्हणतात आणि ठरलेल्या मुदतीच्या वचनाला ‘एसएलए’.

चकलांब्यातल्या माणसाला ही कल्पना परकी नाही. आपले सरकार सेवा केंद्रात दाखल्याचा अर्ज केला की नंबर मिळतो, मुदत ठरलेली असते, मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे ही मुदत कायद्याने बांधलेली आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. कायद्यातली ही रचना आणि आयटी विभागाचं तिकीट यांचा सांगाडा एकच आहे.

या क्षेत्राची परिभाषा बरीचशी ‘आयटीआयएल’ या मार्गदर्शक चौकटीतून आली. ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारच्या एका संस्थेत तयार झाली. तिची चौथी आवृत्ती २०१९ मध्ये आली. त्यातले दोन शब्द नीट वेगळे करून ठेवा. ‘इन्सिडेंट’ म्हणजे आत्ता बंद पडलेली सेवा. ‘प्रॉब्लेम’ म्हणजे ती पुन्हा पुन्हा बंद पडण्याचं मूळ कारण. प्रिंटर चालू करून देणं हे इन्सिडेंटचं काम. दर सोमवारी तोच प्रिंटर का बंद पडतो हे शोधणं प्रॉब्लेमचं. पुढे हा फरक कामाला येईल.

बाजारात नावं पुष्कळ. २००३ मध्ये सुरू झालेली अमेरिकेची सर्व्हिसनाऊ, ऑस्ट्रेलियातल्या ॲटलासियनची जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट, बीएमसीत तयार झालेली हेलिक्स (ही बीएमसी म्हणजे मुंबई महापालिका नव्हे, या अमेरिकन कंपनीचं मोठं केंद्र पुण्यात आहे), चेन्नईत उभ्या राहिलेल्या झोहोची सर्व्हिसडेस्क प्लस, चेन्नईतच सुरू झालेल्या फ्रेशवर्क्सची फ्रेशसर्व्हिस, आणि फ्रान्समध्ये जन्मलेली मुक्त-स्रोत जीएलपीआय. आता तक्त्याकडे येऊ.

बरोबरच्या खुणेत काय दडलेलं असतं?

‘चेंज मॅनेजमेंट आहे का?’ या प्रश्नापुढे सहाही रकान्यांत बरोबरची खूण येते. पण ती सुविधा कोणत्या आवृत्तीत आहे? सर्व्हिसडेस्क प्लस स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची, तर तिच्या स्टँडर्ड, प्रोफेशनल आणि एंटरप्राइझ अशा आवृत्त्या आहेत आणि प्रॉब्लेम, चेंज या गोष्टी वरच्या आवृत्तीत येतात. किंमत खालच्या आवृत्तीची आणि खुणा वरच्या आवृत्तीच्या, असा तक्ता बनवणं फार सोपं आहे. मुद्दाम फसवायचं नसलं तरी तसं होऊन जातं. सर्व्हिसनाऊचे दर तर जाहीर नसतात, प्रत्येक ग्राहकाला वेगळं कोटेशन मिळतं. मग तिचा किंमतीचा रकाना तुम्ही कशावरून भरला?

यावर उपाय म्हणून गुण आणि भार देण्याची पद्धत वापरतात. ती जास्त शास्त्रीय दिसते. एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत. ‘क’ सॉफ्टवेअरला सुविधांसाठी ९, किंमतीसाठी ५, सोपेपणासाठी ६ गुण. ‘ख’ ला अनुक्रमे ६, ८, ८. भार ५०, २५, २५ टक्के धरला तर ‘क’ ला ७.२५ आणि ‘ख’ ला ७.०० मिळतात. ‘क’ जिंकला. आता भार ४०, ३०, ३० करा. ‘क’ ला ६.९ आणि ‘ख’ ला ७.२. निकाल उलटला! सॉफ्टवेअर तेच, गुण तेच. फक्त समितीतल्या कोणीतरी दहा टक्के इकडचे तिकडे केले.

याचा अर्थ ही पद्धत टाकून द्या असा नाही. भार आधी ठरवा, लिहून तारीख टाका, आणि नंतर ते थोडे हलवून निकाल टिकतो का ते दाखवा. याला संवेदनशीलता विश्लेषण म्हणतात. अर्ध्या पानात होतं. हे अर्धं पान बहुतेक तुलनात्मक अभ्यासांत गायब असतं.

दुसरा आधार गार्टनरच्या ‘मॅजिक क्वाड्रंट’चा. एका अक्षावर कंपनीची दृष्टी, दुसऱ्यावर ती प्रत्यक्षात आणण्याची क्षमता, आणि चार चौकोन. वर उजवीकडे असलेलं नाव म्हणजे विजेता, असं आपण समजतो. गार्टनर स्वतः मात्र स्पष्ट लिहितं की केवळ वरच्या मानांकनाच्याच कंपन्या निवडा असा आमचा सल्ला नाही. तो चौकोन कंपन्यांबद्दल बोलतो. तीन कारकून आणि एक लॅब असिस्टंट असलेल्या तुमच्या विभागाबद्दल तो काही बोलत नाही.

घड्याळ कधी थांबतं?

आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना एक सवय लागलेली असते. दोन तराजूंची वजनं ताडून पाहण्याआधी दोन्हींचा शून्य तपासायचा. सॉफ्टवेअरच्या तुलनेत हा टप्पा कोणी करत नाही.

समजा जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तक्रार सुटायला सरासरी २० तास लागत होते आणि नव्यात १२ लागतात. निष्कर्ष काढण्याआधी विचारा : घड्याळ कधी सुरू होतं आणि कधी थांबतं? बहुतेक प्रणालींमध्ये तिकीट ‘प्रलंबित’ किंवा ‘ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा’ या स्थितीत टाकलं की मुदतीचं घड्याळ थांबवता येतं. जिरामध्ये तर सुरू, विराम आणि शेवट या तिन्ही अटी प्रत्येक संस्था आपल्या सोयीने लावू शकते. जुन्यात घड्याळ रात्रंदिवस चालत होतं आणि नव्यात फक्त कार्यालयीन वेळेत, तर २० चे १२ होण्यासाठी कोणी एक पाऊलही जास्त चालायला नको.

पुढची अडचण सरासरीची. पाच तक्रारी १, १, २, २ आणि ४४ तासांत सुटल्या. सरासरी १० तास, मध्यक २ तास. कुठला आकडा छापायचा? मध्यक छापला तर ४४ तास ताटकळलेला माणूस दिसत नाही. सरासरी छापली तर उरलेल्या चौघांचं काम झटपट झालं हे दिसत नाही. दोन्ही छापा, आणि सगळ्यात जास्त वेळ लागलेल्या तक्रारी वेगळ्या काढून वाचा. आकड्यांचा अभ्यास करणाऱ्यानेही तिकिटं उघडून वाचली पाहिजेत. त्यावाचून ‘प्रॉब्लेम’ सापडत नाही, नुसते ‘इन्सिडेंट’ मोजले जातात.

आणि हे बघा. शंभर तक्रारींपैकी ६० पासवर्डच्या, प्रत्येकी अर्धा तास. ४० इतर, प्रत्येकी १० तास. सरासरी ४.३ तास. नव्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड ज्याचा त्याला बदलता येऊ लागला, म्हणून त्या ६० तक्रारी आल्याच नाहीत. उरलेल्या ४० आता ९ तासांत सुटतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी सुधारणा. पण सरासरी? ९ तास. आधीच्या दुपटीपेक्षा जास्त. अहवाल वाचणारे म्हणतील, सॉफ्टवेअर बदलून वाटोळं झालं. तक्रारींचे प्रकार वेगळे न करता एकच आकडा घेतला की असंच होतं.

दुष्काळाच्या सालाशी तुलना

संस्था सॉफ्टवेअर कधी बदलतात? सगळ्यात जास्त बोंबाबोंब झाल्यावर. प्रवेशाच्या, शिष्यवृत्तीच्या, परीक्षा फॉर्मच्या दिवसांत तक्रारींचा ढीग साचतो, बैठक होते, ‘हे सॉफ्टवेअर बदला’ असं ठरतं. नवं येईपर्यंत हंगाम ओसरलेला असतो. तक्रारी आपोआप कमी होतात आणि श्रेय नव्या सॉफ्टवेअरला जातं.

आपल्या गेवराई तालुक्यातल्या कोणत्याही कापूस उत्पादकाला हे सांगावं लागत नाही. दुष्काळाच्या सालाशी तुलना केली तर पुढच्या साली कुठलंही बियाणं बरंच दिसतं. बियाणं कसं पारखायचं हेही त्याला ठाऊक असतं : सगळं रान एकदम नव्या वाणाखाली आणायचं नाही. त्याच जमिनीत, त्याच पाण्यावर, चार तास नव्या वाणाचे आणि शेजारी जुन्याचे लावून बघायचे. संख्याशास्त्रात आपण ज्याला नियंत्रण गट म्हणतो तो हाच. तुमच्या अभ्यासात एक विभाग नव्या प्रणालीवर आणि त्याच्यासारखाच दुसरा जुन्यावर, त्याच महिन्यांत, ठेवता आला तर उत्तम. नाहीच जमलं तर निदान मागच्या दोन वर्षांचे महिनावार आकडे घ्या आणि जूनची तुलना जूनशी करा.

बदल चुकला तर किंमत कोण मोजतं?

थोडा वेळ तक्रार-सॉफ्टवेअर बाजूला ठेवून एका मोठ्या बदलाकडे पाहू, कारण प्रणाली बदलण्याचं गणित सगळीकडे सारखंच असतं. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या वेळी मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. सगळ्या विद्याशाखांत एकदम. सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या होत्या, हजारो प्राध्यापकांना नवी पद्धत शिकायची होती. कुलपतींनी निकालासाठी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली. निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, पुढच्या प्रवेशासाठी गुणपत्रिका हवी असलेली मुलं अडकून पडली. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं.

पडद्यावरची तपासणी ही कल्पनाच वाईट होती, असं यातून सिद्ध होत नाही. ती पद्धत इतर ठिकाणी चालते. तुलनेच्या तक्त्यात ती कागदी तपासणीपेक्षा सरसच दिसली असती : गठ्ठे इकडून तिकडे न्यायला नकोत, बेरजेच्या चुका नाहीत. तक्त्यात नसलेला रकाना होता बदलाच्या काळाचा. जुनं बंद आणि नवं अजून नीट चालत नाही, त्या मधल्या आठवड्यांत काम कसं चालणार? आणि त्या आठवड्यांचं नुकसान खरेदी समिती सोसत नाही; रांगेत उभं असलेलं पोर सोसतं.

दुसरा गायब रकाना बाहेर पडण्याच्या वाटेचा. ओटीआरएस ही मुक्त-स्रोत तिकीट प्रणाली जगभरात वापरली जायची. २०२० च्या अखेरीस कंपनीने तिची मोफत आवृत्ती थांबवली. वापरणाऱ्यांना पर्याय उरले ते पैसे देऊन नव्या आवृत्तीवर जाण्याचे, दुसरीकडे वळण्याचे, किंवा त्याच कोडमधून निघालेल्या झ्नुनीवर जाण्याचे. ॲटलासियनने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलं आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला आपल्या सर्व्हर आवृत्त्यांचा आधार संपवला. स्वतःच्या संगणकावर विदा ठेवणाऱ्या संस्थांना क्लाऊड किंवा महागडी डेटा सेंटर आवृत्ती निवडावी लागली. तीन-सव्वातीन वर्षांची पूर्वसूचना होती हे मान्य. तरी ज्यांनी २०१९ मध्ये बरोबर-चूकच्या खुणा मोजून जिराची सर्व्हर आवृत्ती घेतली, त्यांच्या तक्त्यात हा प्रश्न कुठंच नव्हता.

म्हणून मागायचा प्रश्न साधा आहे : उद्या सोडून जायचं ठरवलं तर सगळी तिकिटं, त्यांच्या वेळा, जोडलेल्या फाइली आणि उत्तरं मला वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढता येतात का? ‘येतात’ असं उत्तर आलं तर पन्नास तिकिटं समोर बसून काढून बघा.

जी तक्रार तिकीट होतच नाही

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ही सगळी मोजमापं नोंदल्या गेलेल्या तक्रारींची असतात. समजा एक महाविद्यालय आहे, त्याचं नवं पोर्टल आहे, लॉगिनसाठी ई-मेल लागतो. चकलांब्याहून एसटीने येणारी एक विद्यार्थिनी आहे. तिचा मोबाइल घरात सगळ्यांचा मिळून एकच. ती पोर्टलवर तिकीट टाकणार नाही. ती कारकुनाला फोन लावणार : “सर, ओटीपीच येईना.” कारकून सांगणार, थोड्या वेळाने बघ. संध्याकाळी तिचं काम होईल किंवा होणार नाही. महिन्याच्या अहवालात ती नाही. उलट तिच्यासारख्या शंभर जणी तक्रार नोंदवू शकल्या नाहीत, तर अहवाल जास्तच चांगला दिसतो : तक्रारी घटल्या!

संशोधनाच्या भाषेत हा निवडीचा पूर्वग्रह. ज्यांच्यापर्यंत तुमचं मोजण्याचं साधन पोचतं त्यांचंच मोजमाप होतं. समाधानाच्या सर्वेक्षणालाही हेच लागू : तिकीट बंद झाल्यावर ज्याला लिंक जाते तोच तारे देतो. सॉफ्टवेअरच्या परीक्षणांच्या संकेतस्थळांवर स्वतःहून लिहिणारे, कधी गिफ्ट कार्डाच्या बदल्यात लिहिणारे, यांचीच मतं असतात. आणि ती लिहितो तो बहुधा प्रणाली चालवणारा. फोन लावणारी मुलगी तिथं कधी लिहीत नाही.

म्हणून कुठल्याही दोन प्रणालींची तुलना करण्याआधी एक साधी वही घ्या. दोन आठवडे विभागात बसा. फोन, व्हॉट्सॲप, दारात येऊन विचारलेलं, पोर्टलवर टाकलेलं, सगळं लिहा : कोणत्या मार्गाने आलं, काय अडलं, कधी सुटलं. परवानगी घेऊन, नावं न लिहिता. शंभर अडचणींपैकी किती तिकीट झाल्या हे प्रमाण हाती आलं की तुमच्याकडे असा आकडा असेल जो कुठल्याही कंपनीच्या तक्त्यात नाही.

मग आराखडा कसा लिहायचा?

तक्ता फेकून देऊ नका. तो गाळणीसाठी चांगला आहे. विदा स्वतःकडेच ठेवायची अट आहे, बजेट अमुक आहे, देवनागरीत लिहिलेली तक्रार शोधता आली पाहिजे, अशा ठाम अटींवर सहाची दोन नावं करायला तो उपयोगी पडतो. देवनागरीची अट तर प्रत्यक्ष टाइप करून तपासा : ‘दाखला’ लिहून शोधा आणि ‘दाखल्याची’ असलेली नोंद सापडते का बघा. उरलेल्या दोघांची खरी तुलना कामावर करा. वहीतल्या वीस खऱ्या अडचणी घ्या, त्याच माणसांकडून दोन्ही प्रणालींमध्ये सोडवून घ्या. निम्म्यांना आधी ‘क’ द्या, निम्म्यांना आधी ‘ख’, म्हणजे सरावाचा फायदा एकाच बाजूला जाणार नाही. घड्याळाची व्याख्या तुमची स्वतःची, दोन्हीकडे एकच.

आणि शीर्षक बदला. ‘तुलनात्मक अभ्यास’ हा प्रश्न नाही, त्याचं उत्तर काय असू शकतं हे आरआरसीतल्या तज्ज्ञाला कळत नाही. त्याऐवजी असं काही : ‘स्वयंसेवा पोर्टल सुरू झाल्यानंतर ग्रामीण विद्यार्थ्यांच्या नोंदल्या जाणाऱ्या अडचणींचं प्रमाण बदलतं का?’ किंवा ‘प्रलंबित स्थितीत घड्याळ थांबवण्याच्या नियमामुळे मुदतपालनाची टक्केवारी किती बदलते?’ या प्रश्नांची उत्तरं ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘इतकी’ अशी येऊ शकतात. तुमचा अंदाज चुकीचा ठरण्याची शक्यता त्यात आहे, आणि ती शक्यता असल्याशिवाय समितीपुढे बचाव करण्यासारखं काही राहत नाही.

तुमचा कच्चा आराखडा तयार असेल तर त्यातला ‘सर्वोत्तम’ हा शब्द शोधा. त्याच्यापुढे दोन गोष्टी लिहून बघा : कोणासाठी, आणि कशावरून. दोन्ही रकाने भरता आले तर आराखडा पाठवायला हरकत नाही. नाही आले तर आधी वही घेऊन ते दोन आठवडे विभागात बसून या.